अकोमोडेशनला एम किती?

फोंड्याहून विचारणा आली आहे. घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आहेत, पाटी रंगवायला पेंटर आलाय. तो म्हणतो, 'अकोमोडेशन'मध्ये एम एकच. भाची म्हणते दोन. खरं कोणाचं, आणि शब्दाचा मूळ अर्थ काय?

भाचीचं खरं. सी दोन आणि एमही दोन : ए-सी-सी-ओ-एम-एम-ओ-डी-ए-टी-आय-ओ-एन. बोलताना 'क' आणि 'म' एकेकदाच ऐकू येतात, म्हणून लिहिताना हात चुकतो. पण ही जोडाक्षरं उगाच आलेली नाहीत. शब्द मूळचा लॅटिन. 'मोडुस' म्हणजे माप. त्याला 'कॉम' हा आपल्या 'सम्'सारखा उपसर्ग लागला. त्याचा एक एम आणि मोडुसचा एक, असे दोन झाले. अर्थ झाला मापात बसणारं, सोयीचं. कमोड आणि कमोडिटी यांचं मूळही हेच. त्याआधी आणखी 'अॅड' लागला आणि त्यातल्या डीचा पुढच्या सीमुळे सी झाला. हा तर आपला शाळेतला संधी! तत् अधिक लीन तल्लीन, उत् अधिक चार उच्चार. 'तलीन' लिहिलेलं आपल्याला चालेल का?

'रेकमेंड'चा घोळही इथेच सुटतो. तिथे 'रे'ला डी नाही, म्हणून सी एकच. 'कॉम' आहे, म्हणून एम दोन.

गोव्यात आणखी एक फसगत होते. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द एका सीने आणि एका एमने लिहितात, कारण 1911 च्या लेखनसुधारणेत त्यांनी बहुतेक जोड व्यंजनं काढून टाकली. त्यामुळे जुन्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांना विचारलंत, तर ते पेंटरच्या बाजूने बोलतील. इंग्रजीत मात्र ते चूकच.

शेवटी एस लावू नका. तो अमेरिकन रिवाज.

अर्थ फक्त 'खोली' असा नाही. मापात बसवणं, सामावून घेणं हे मुळात आहे. जवळचं-लांबचं नीट दिसावं म्हणून डोळ्याचं भिंग आकार बदलतं, त्यालाही हाच शब्द आहे. मराठी प्रतिशब्द हवा, तर आपल्या गोव्यातल्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागा, आठवतात. सुंदर शब्द, पण तो देवस्थानापाशीच शोभतो. तुमच्या पाटीवर इंग्रजीखाली देवनागरीत 'राहण्याची सोय' लिहा. लॅटिनमधली ती सोय त्यात जशीच्या तशी आहे.