दशमांश ग्रॉसवर की नेटवर?

सलाम मंडळी. यावेळी इंग्लंडमधल्या एका ताईंचा मेसेज आलाय. मूळचे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). मिस्टरांचं म्हणणं, दशमांश (कमाईचा दहावा भाग देवाला) इथल्याच, म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चला द्यायचा आणि तोही टॅक्स कापायच्या आधीच्या पगारावर. ताईंचं म्हणणं, गावच्या चर्चचा पत्रा गळतोय, तिकडे पाठवूया. दर महिन्याला यावरून वाजतं "आणि त्या नादात महिना संपतो, देणं राहूनच जातं."

ताई, खरा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. ग्रॉस (टॅक्सआधीचा पगार) की नेट (हातात येणारा) यावर पाळकसाहेबांचंही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचंही एकमत होत नाही, तुमचं कुठून होणार! बायबलमधल्या प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना मदत गोळा करायला सांगितली ना, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी, म्हणजे तेही समुद्रापलीकडे पाठवायचेच पैसे होते, तेव्हा त्याने टक्का सांगितलाच नाही. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा म्हणाला, आणि मनात ठरवलंय तेवढं द्या, कुरकुरत नको. तर पगार जमा होतो त्याच दिवशी बँकेत स्टँडिंग ऑर्डर लावा, म्हणजे पैसे दर महिन्याला आपोआप जातील, पाच टक्के तर पाच टक्के, भांडण नंतर सावकाश करा.

आमची आजी भाकऱ्यांना बसली की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायची. पाहुणे आले तरी, पीठ कमी असलं तरी, आधी ती मूठ. रविवारी डबा चर्चमधे. मिझोराममधल्या बायका हेच तांदळाचं करतात, शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि तिथल्या चर्चची कितीतरी कामं त्या मुठीवर चालतात. आजीला मिझोराम कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

अजून एक, आपल्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, पण बायबलमधला कारभारी मालक नसतो हो, दुसऱ्याचं सांभाळणारा असतो. त्यामुळे "माझा पगार, मी ठरवणार" हे तुमच्यापैकी कोणीच म्हणू नका. दोघं बसून ठरवा, मुलांना पण बसवा, नाहीतर त्यांना वाटतं अर्पण म्हणजे आईने पिशवी फिरताना घाईघाईत हातात कोंबलेलं एक पौंडाचं नाणं.

आता पत्र्याचं. माझं मत, दोन्हीकडे द्या, पण वाट वेगवेगळी आहे. इंग्लंडमधल्या चर्चला देताना गिफ्ट एडचा फॉर्म भरा, तुम्ही तिथे टॅक्स भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून चर्चला 25 पेन्स जास्तीचे मिळतात आणि तुमच्या खिशाला काही लागत नाही. हे न भरणारे आपले लोक किती आहेत बघून मला खरंच राग येतो.

गावाकडे मात्र सांभाळून. तुम्ही लिहिलंय मिस्टरांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे, आणि तुमचा अजून भारतीय आहे. मिस्टरांनी पाठवलेले पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्यात परदेशी देणगी धरले जातात, त्यासाठी संस्थेकडे नोंदणी किंवा आधी परवानगी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. गावच्या छोट्या चर्चकडे हे सगळं कुठून असणार? पण भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेने पाठवलेले पैसे त्यात मोडत नाहीत. म्हणजे पत्रा तुमच्या नावावर, तुमच्या खात्यातून, पासपोर्टची कॉपी जोडून, आणि चर्चच्याच खात्यात. पाळकसाहेबांच्या पर्सनल खात्यात नको, ते कितीही भले असले तरी. पौलाने सुद्धा पैसे एकट्याने नेले नव्हते, उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून मंडळ्यांनी (म्हणजे तेव्हाच्या चर्चनी) निवडलेली माणसं सोबत घेतली होती, मग पावती मागायला आपण का लाजायचं?

आणि पैसे एप्रिलपर्यंत पोचू द्या. मे मधे लग्नांच्या गडबडीत कारागीर मिळत नाही आणि जूनमधे वर कोणी चढत नाही.