कार्टून बघून रडू येतं, मॅडम

"मॅडम, डोक्यात काही बिघाड असंल तर सरळ सांगा," खुर्चीत नीट टेकायच्या आतच ते म्हणाले. वय ३८, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायची परवानगी त्यांनीच दिली.) तक्रार एवढीच, की चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन कार्टून बघताना त्यांना हुंदका फुटला. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी. बायको पहिल्यांदा हसली, तिसऱ्यांदा घाबरली. कारण सरांचे वडील गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यातून टिपूससुद्धा आलं नव्हतं.

अंबाजोगाईत समुपदेशन करताना ही काळजी मी बऱ्याचदा ऐकते. लेकराला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवताना गळा दाटतो, पुढचं पान उलटवत नाही. पुरुष तर हे सांगताना चोरी कबूल केल्यासारखे बोलतात. अशा वेळी मी 'का रडलात' असं विचारत नाही. 'का' विचारलं की माणूस सफाई देऊ लागतो. मी विचारते, "कोणत्या चित्रापाशी?"

सर म्हणाले, "कणसापाशी."

तो जपानी सिनेमा होता, हायाओ मियाझाकींचा १९८८ सालचा 'माय नेबर टोटोरो'. दोन बहिणी, आई दवाखान्यात. आईचं घरी येणं लांबतं तेव्हा धाकटी मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच दवाखान्याच्या वाटेला लागते आणि हरवते. शेवटी दोघी बहिणी खिडकीबाहेरच्या झाडावरून आईला हसताना बघतात, कणीस खिडकीत ठेवतात आणि तशाच परततात. आईला भेटत नाहीत. मियाझाकींच्या स्वतःच्या लहानपणी त्यांची आई मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं आजारी होती.

मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं सर बोलले, आणि बोलताना शाळेतली भाषा गळून पडली.

"माय-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा. मी आजीपाशी. सहा वर्षांचा आसंन. हुरड्याचे दिवस होते. मायला हुरडा लई आवडायचा. मी ज्वारीची दोन कणसं मोडली, फडक्यात बांधली अन् ट्रक गेला त्या रस्त्यानं निघालो. कारखाना कुठंय, ठावंच नव्हतं. पुलापशी गावातल्या एकानं धरलं, घरी आणलं. आजीनं दोन दिल्या, मग जवळ घेतलं. कणसं शेळीनं खाल्ली."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नव्हतं. गावातली अर्धी लेकरं तशीच राहायची, त्यात रडायचं काय?

माझ्या मते गाठ इथंच असते. सगळ्यांच्या वाट्याला आलेलं दुःख कुणाचंच धरलं जात नाही. दुःखाच्या कवितेपुढे, प्रवचनापुढे आपण सावरून बसतो. लेकरांच्या चित्रापुढे कोण सावरून बसेल? तिथं आपण बेसावध असतो. शिवाय ती चित्रं साधी असतात. कॉमिक्सचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये मांडलं होतं, की चेहरा जितक्या थोड्या रेषांत काढलेला, तितकं त्यात स्वतःला बघणं सोपं. हुबेहूब चेहरा दुसऱ्याचा असतो. दोन ठिपके आणि एक रेघ आपलीही होऊ शकते. सहाव्या वर्षीच्या ज्या गोष्टीला शब्द मिळाले नव्हते, ती अशा जागी सापडली तर त्यात बिघाड कसला?

मी त्यांना सांगितलं, लेकीचे खडू घ्या आणि तो रस्ता काढा. चित्रकलेचे मार्क नाहीत.

पुढच्या भेटीत त्यांनी वहीचा कागद उलगडला. रस्ता, एक बाभळ, आणि लांब गेलेला ट्रक. ट्रकला ना तोंड, ना ड्रायव्हर. फक्त मागचा फाळका आणि वर बांधलेली गाठोडी. "तुम्ही मागून काढलाय," मी म्हटलं. ते कागदाकडे बघत राहिले. "येताना ट्रक रात्रीचा यायचा. मी झोपलेला आसायचो. समोरून मी कधी बघितलाच नाही." त्या दिवशी ते मनमोकळे रडले आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही.

एक मात्र सांगायला हवं. दोन आठवडे सतत उदास वाटतंय, झोप-भूक उडाली आहे, जगण्यात राम वाटत नाही, असं असेल तर ते वेगळं आहे. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. सरांचं तसं नव्हतं. झोप चांगली होती, शाळा चालू होती.

चौथ्या भेटीत त्यांनी सांगितलं, की मायला शेजारी बसवून तो सिनेमा दाखवला. तिची कंबर आता फार वेळ बसू देत नाही, तरी शेवटपर्यंत बसली. कणीस खिडकीत ठेवलं तेव्हा म्हणाली, "एवढ्या लांबून आणलं, सुकलं नसंल का ते?"

मग सरांनी हुरड्याचं सांगितलं. आजीनं तिला कधी कळू दिलं नव्हतं.

माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "कुठवर आला होतास?"

"पुलापतूर."

"लई लांब आला होतास की रं," ती म्हणाली, आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली.