करवंदाच्या सरबताला फेस का येतो?

प्रश्न: मे महिन्यात करवंदांचं सरबत करून बाटल्या भरल्या. एक किलो रसाला पाऊण किलो साखर घातली होती. आठवड्याभरात फेस आला, वास आंबूस येतो. काय चुकलं? – एक वाचक, कळवा

उत्तर: साखर कमी पडली. एवढ्या साखरेत यीस्ट सहज वाढतं आणि रस आंबतो. रस मोजून नव्हे, तोलून घ्या. एक किलो रसाला दीड किलो साखर हवीच. आंबलेलं सरबत पुन्हा उकळू नका, टाकून द्या. बाटलीत वायू साठलेला असतो, झाकण हलक्या हाताने उघडा.

करवंदं पूर्ण काळी, मऊ झालेलीच निवडा. कच्च्यांना चीक फार. देठ काढून मिठाच्या पाण्यात धुवा. स्टीलच्या पातेल्यात किलोला एक वाटी पाणी घालून दहा मिनिटं शिजवा, मग चाळणीवर हातानेच चोळा. मिक्सर नकोच, बिया भरडल्या की रस तुरट होतो. पातळ फडक्यातून गाळलेल्या गरम रसात साखर विरघळवा आणि एक उकळी येताच गॅस बंद करा. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, जास्त आटवलं तर बाटलीत जेलीच होते.

उकळून खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमच भरा. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत बाटली फ्रीजमध्येच बरी. ठाण्याजवळचं येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून करवंदं तोडू नका. बाजारात करवंदं घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून घ्या.