पाळणाघरातला डबा आणि हातातला घास

प्रश्न : काकू, माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. रजा संपल्यामुळे दीड महिन्यापासून ती पाळणाघरात जाते, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. डॉक्टर म्हणाले, आता नुसतं पातळ भरवू नका, मऊ तुकडे हातात द्यायला लागा. सासूबाई म्हणतात, दात नाहीत तर चावणार कशी, मिक्सरमधून काढूनच दे. पाळणाघरातल्या ताईंचं म्हणणं, "डब्यात पेजच पाठवा, बाकी भानगड नको." परवा घरी केळ्याचा तुकडा दिला तर तिला उबळ आली, चेहरा लाल झाला. मी घाबरून बोटाने तुकडा ओढून काढला. तेव्हापासून धीरच होत नाही. डब्यात काय पाठवू आणि कसं?
– एक आई, कल्याण

उत्तर : डोंबिवलीत मी चोवीस वर्षं पाळणाघर चालवलं, आणि तुझ्यासारख्या कितीतरी आया माझ्या दारात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली तेव्हापासून तर रजा संपते आणि वरचं अन्न सुरू होतं ते नेमकं एकाच सुमाराला. रविवारी उष्टावण, मामाच्या मांडीवर खीर, आणि सोमवारी बाळ पाळणाघरात. जेवायला शिकण्याचं निम्मं काम आईच्या नजरेआड होतं. तेव्हा तुझी भीती अगदी खरी आहे.

आधी केळ्याचं बोलू. उबळ येणं म्हणजे घास अडकणं नव्हे. या वयात जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला तुकडा लागला तरी उबळ येते. बाळ खोकतं, ओ-ओ करतं, लालबुंद होतं आणि तुकडा आपणच पुढे ढकलतं. आवाज येतोय तोवर हवा जातेय. अशा वेळी जवळ बसून बघायचं, हात घालायचा नाही, कारण बोटाने तुकडा उलट आत सरकतो. खरं अडकतं तेव्हा सगळं गप्प होतं. रडू फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळसर पडतात. हा फरक तू, सासूबाई आणि ताई, तिघींनाही पाठ हवा.

सासूबाईंना म्हणावं, तिच्या तोंडात जरा बोट देऊन बघा, हिरड्यांना किती जोर असतो ते. तुकडा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबायचा. सहज चेपला तर हिरड्याही चेपतात. चेपला नाही तर तो डब्यात नको. आत्ता ती मुठीत धरते, म्हणून तुकडा तुझ्या बोटाएवढा लांब हवा. मुठीतून जेवढा वर येईल तेवढा ती चोखेल, चेपेल. लाल भोपळा, रताळं, गाजर वाफवून अगदी मऊ केलेलं, पिकलेली पपई, नाचणीच्या मऊ घावनाची पट्टी, वरणात भिजवलेली इडलीची फोड. केळं निसटतं, म्हणून ते धुवून खालच्या अर्ध्या भागाचं साल तसंच ठेवायचं, धरायला बरं पडतं. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमाराला बोटांची चिमूट जमायला लागते, मग बारीक मऊ तुकडे. मीठ-साखर घालू नकोस. मध तर वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही, घरातलं कुणी कितीही म्हणालं तरी.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत : कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, खोबऱ्याचा तुकडा. द्राक्ष अख्खं कधीच नाही; पुढे देशील तेव्हा उभं चार भागांत चिरून. चिकू देताना बिया मोजून काढ. त्या बीच्या टोकाला आकडा असतो, तो घशात रुततो. पाव आणि पोळी आपल्याला मऊ वाटतात, पण लाळेत त्यांचा चिकट गोळा होतो आणि टाळूला बसतो.

आता एक सांगते, ते आजही आठवलं की हात गार पडतात. माझ्याकडे नऊ महिन्यांचं एक बाळ होतं. त्याच्या आईने डब्यात भोपळ्याच्या फोडी दिल्या होत्या, अगदी लोण्यासारख्या. मी त्याला चटईवर बसवलं आणि दारात कुणी आलं म्हणून उठले. शेजारी साडेतीन वर्षांचा एक मुलगा चिवडा खात होता. त्याने मोठ्या मायेने एक शेंगदाणा उचलून बाळाच्या तोंडात ठेवला. मी वळले तेव्हा बाळ माझ्याकडे बघत होतं, तोंड उघडं, आणि आवाज नाही. शेजारच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहुलीवर शिकवलं होतं, म्हणून हात चालले. पालथं हातावर घेतलं, डोकं खाली, आणि तिसऱ्या थापेला दाणा चटईवर पडला. मग रडणं ऐकू आलं. त्याला तसंच डॉक्टरांकडे नेलं आणि संध्याकाळी त्याच्या आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. डब्यात काही चूक नव्हती. चूक माझ्या उठण्याची होती.

म्हणून ताईंना डब्याआधी हे विचार : ही खाते तेव्हा शेजारी कोण बसतं? त्या वीस मिनिटांत त्या बाईंकडे दुसरं काम असतं का? बाळ ताठ बसून खातं की झोळीत, रांगता रांगता? मोठ्या मुलांचा खाऊ वेगळ्या जागी होतो का? आणि घास अडकला तर काय करायचं, हे कुणी हाताने शिकलंय का?

कारण आपल्याकडे ठसका लागला की डोक्यावर थापटतात आणि "वर बघ, चिमणी बघ" म्हणतात. बाळाचा घास अडकलेला असताना मान वर केली तर काहीच उपयोग नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं आपल्या हातावर घ्यायचं, जबडा धरून डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध हाडावर पाच दाब. पोट दाबायचं नाही, न दिसणारा तुकडा शोधायला बोट घालायचं नाही. निघेपर्यंत आळीपाळीने हेच, आणि दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन. पण हे वाचून येत नाही गं. बाहुलीवर करून बघावं लागतं, आणि बाळ बेशुद्ध झालं तर काय करायचं तेही तिथेच शिकवतात. तुमच्या डॉक्टरांना विचार, कुठे शिकवतात ते. ताईंना बरोबर ने.

समजा, ताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आठ मुलांत मला हिच्याजवळ बसणं जमत नाही," तर त्यांच्यावर रागावू नकोस. खरं बोलल्या त्या. मग कामाच्या दिवशी डब्यात घट्टसर खिमट, कुस्करलेलं वरण-भात, कुस्करलेली भाजी दे. पण मिक्सर बंद, दाणा जिभेला लागला पाहिजे. हातातले तुकडे रोज संध्याकाळी तुझ्यासमोर आणि शनिवार-रविवारी. बसायला माणूस असेल, तर घरी जो पदार्थ तिने चार-पाच वेळा नीट खाल्लाय तोच डब्यात जाऊ दे. फोडी घरूनच कापून, डब्यावर नाव आणि वेळ लिहून. उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकेल ना, हे वास घेऊन नाही, आधी विचार करून ठरव.

प्रश्न : माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. शेंगदाणा आणि अंडं वर्षानंतरच द्यावं असं ऐकलंय. पाळणाघरातल्या डब्यात कूट घातलेलं चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्षभर थांबायची गरज नाही. 2015 मध्ये लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा दिला तर पुढे त्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी मुलांना होते. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. कोरडं कूटही नको, ते श्वासाबरोबर आत जातं. दाणे भाजून लोण्यासारखे वाटायचे आणि पेजेत पातळ कालवायचे. अंडं पूर्ण शिजलेलं, कुस्करून. बाळाला मोठा इसब असेल किंवा आधी कशाची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि दोन्ही नवे पदार्थ एकाच दिवशी नाहीत. पहिल्यांदा देताना शनिवारी सकाळी, घरी, पाव चमचा. पुढचे दोन-तीन तास तो तुमच्या डोळ्यांसमोर असू द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टर. श्वासाला त्रास झाला तर थेट 108. असे दोन-तीन शनिवार नीट गेले की मग डब्यात.