गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कबड्डीतल्या एका चढाईपटूस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

या दुखापतीतून काही चांगले निघेल का, असे तू विचारले आहेस. निघू शकते, मात्र ते आपोआप निघत नाही आणि त्यासाठी दुखापतीला वरदान म्हणण्याची मुळीच गरज नाही. ऐन निवड चाचणीच्या तोंडावर एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर ठेवणारे लिगामेंट, तुटणे हे नुकसानच आहे. त्याला नुकसान म्हणावे, हवे तेवढे रडून घ्यावे. भेटायला येणारी मंडळी ‘जे होते ते भल्यासाठीच’ असे सांगतील. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

कबड्डीने तुला एक गोष्ट फार लवकर शिकवली. आपल्याला दुखते आहे, हे समोरच्या सातजणींना कळू द्यायचे नाही. पटातून, म्हणजे पायाला घातलेल्या पकडीतून, पाय सोडवताना घोटा मुरगळला तरी मध्यरेषेकडे परतताना चेहरा कोरा ठेवायचा, कारण लंगडताना दिसलीस की पुढच्या चढाईत कोपरारक्षक नेमकी त्याच पायावर येणार. मैदानात ही विद्या खरोखर कामाची आहे. फिजिओसमोर मात्र तीच घातक ठरते. माझ्या मते तुला या काळात वाढायचे असेल तर ते इथे वाढायचे आहे. आधी शरीराविषयी आणि मग मनाविषयीही खरे आणि नेमके बोलायला शिकायचे आहे. ‘बरे आहे’ हे उत्तर नव्हे. पायऱ्या उतरताना वाटीपाशी टोचते, संध्याकाळी सूज वाढते, पाय टेकताना गुडघा सटकल्यासारखा वाटतो, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत.

शरीरही सगळे सांगत नाही, हे त्याच्या पुढचे. तुझ्या मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा काढून डॉक्टरांनी ती तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली आहे. बसवतेवेळी ती बळकट असते. परंतु तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या वाढून तिचे लिगामेंटसारखे रूपांतर होत असताना, मधल्या काही आठवड्यांत ती उलट दुबळी होते. गंमत अशी (गंमत कसली, धोकाच) की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि मैत्रिणी ‘एक चढाई तर करून बघ’ म्हणू लागतात. त्या दिवशी ‘दुखत नाही’ हे अगदी खरे असूनही पुरेसे नसते. कबड्डीसारख्या झटकन वळण्याच्या खेळात 9 महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले आहे, आणि तरुण खेळाडूंना तो धोका जास्तच असतो. म्हणून तारखेबरोबर मोजमापही पाहतात. एका पायावर उडी मारताना दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के अंतर गाठतो का, हे त्यांपैकी एक. त्यातही मेख आहे. बसून राहिल्याने चांगला पायही कमजोर होतो आणि तुलना फसवी ठरते. तेव्हा त्याचा व्यायाम सोडू नकोस.

सध्याचे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा गादीकडे दाबायचा, मांडी आवळून धरायची, सोडायची, पुन्हा आवळायची. जादा गुणासाठी बोनस रेषेपलीकडे पाय टाकून, मागचा पाय हवेत असतानाच परत फिरणाऱ्या मुलीला हे अपमानास्पद वाटणारच. तरीही गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चालीतली लंगड जात नाही आणि मांडीचा पुढचा स्नायू भरत नाही. चढाईत त्या एका टेकलेल्या पायावर सगळे अंग वळते, तेव्हा गुडघ्याला सांभाळणारा हाच स्नायू असतो.

तुझ्या जागी चढाईला जाणारी मुलगी पकडली गेली की क्षणभर बरे वाटते, असे तू धाडसाने लिहिलेस. मला तुझ्या पत्रातले हेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले. त्यात पाप काही नाही; बाकावर बसणाऱ्या बहुतेकांना ते वाटते, लिहीत कोणी नाही. फक्त तिथेच थांबू नकोस. वही घेऊन बस आणि ती नेमकी कशी पकडली गेली ते लिही. कोपरारक्षक पटाला झेपावण्याआधी चढाई करणाऱ्या मुलीचे वजन कोणत्या पायावर होते? मध्यरक्षक कधी आत सरकली? बचाव करणाऱ्यांच्या साखळीतला हात कोणी सोडला? मॅटवर 30 सेकंदांच्या चढाईत स्वतः असताना यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. मग जे दिसले ते सामन्यानंतर तिला सांग. पहिल्यांदा जड जाईल.

कुस्तीपटू विनेश फोगाटचे उदाहरण तुला सगळेच देत असतील. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिचा गुडघा दुखावला आणि 2018 मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, हे खरेच आहे. परंतु बातमीत ही दोन वर्षे एका ओळीत संपतात आणि तुला नेमके त्या ओळीच्या आतले दिवस काढायचे आहेत. शिवाय सगळेच परतत नाहीत, हेही तुझ्यापासून लपवणार नाही. क्रीडा आरक्षणातून नोकरी मिळेल या एकाच भरवशावर घर बसले असेल, तर वडिलांशी आताच मोकळेपणाने बोल आणि राहिलेल्या विषयांचे परीक्षेचे अर्ज भर. ती हार नव्हे, साधी तरतूद आहे.

पुढच्या आठवड्यात सरावाच्या वेळी मैदानावर ये. फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद बरोबर आण, म्हणजे इथे कोणी तुला त्याबाहेरचे काही करायला लावणार नाही. कुमार गटातल्या मुलींच्या चढायांच्या नोंदी तुझ्याकडे सोपवायच्या आहेत. त्यांच्यातल्या दोघी बोनस घेताना गुडघा आत वळवतात असा मला संशय आहे, तो तू तपासून सांग.

कळावे.

तुझे,
सर