गाडी गॅरेजात अडकली, दुसरी किल्ली घरात आहे

प्रश्न : माझी २०११ ची छोटी पेट्रोल गाडी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापून बंद पडली. टो करून धायरीच्या एका गॅरेजात दिली. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलायला बारा हजारांपर्यंत खर्च येईल असा व्हॉट्सअ‍ॅप आला, मी ‘ओके’ कळवलं. नंतर एकही फोन नाही आणि थेट ४१,३०० रुपयांचं बिल हातात. त्यात पंप व थर्मोस्टॅट ११,४००, हेड गॅसकेट व हेड फेसिंग १६,५००, क्लच ९,०००, पुढचे लोअर आर्म ४,४००. पैसे दिल्याशिवाय गाडी देणार नाही, शिवाय रोजचे २०० रुपये पार्किंग, असं मालक म्हणतात. चौकीत सांगितलं की हे दिवाणी प्रकरण आहे. मिस्टर म्हणतात, दुसरी किल्ली आहे, जाऊन गाडी घेऊन येऊ. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती दुसरी किल्ली कपाटात ठेवा. गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून ती उचलून आणली तर चोरी कशी, असं कुणालाही वाटेल. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी समजावताना नेमकं असंच उदाहरण दिलंय : दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचे पैसे देणं आहे, कारागिराने ते कायदेशीरपणे अडवून ठेवलंय, आणि त्याचं हे तारण बुडवण्यासाठी मालकाने ते उचलून नेलं, तर ती चोरी ठरते. आज बाजू तुमची आहे. एका रात्रीत तुम्ही आरोपीच्या बाजूला जाऊ नका.

गॅरेजवाल्यांना गाडी अडवण्याचा हक्क आहे का? आहे, पण मर्यादित. करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर कौशल्याचं काम केलं, तिचा रास्त मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती ताब्यात ठेवू शकतो. हा हक्क ठरलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. तो रोजच्या पार्किंगला लागू होत नाही, कारण ते तुमच्यात ठरलंच नव्हतं. या हक्काच्या जोरावर गाडी विकता येत नाही, वापरता तर अजिबात येत नाही. तसं काही झालं, तर मात्र चौकीत पुन्हा जा. तेव्हा तो फौजदारी विश्वासघाताचा विषय होऊ शकतो.

आता बिलाकडे बघू, कारण खरा वाद तिथे आहे. पंप व थर्मोस्टॅटचे ११,४०० तुम्ही मान्य केलेत, ते द्यायचेच. क्लच आणि लोअर आर्म यांचा गाडी तापण्याशी काही संबंध नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही, त्यामुळे ते १३,४०० तुमच्यावर लादता येत नाहीत.

हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, काम या दोन्हींच्या मधलं आहे. जुनं इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं, त्याखालचं गॅसकेट हे सील जळतं, कूलंट ऑइलमध्ये उतरतं. हे बहुतेकदा इंजिन उघडल्यावरच नक्की कळतं. म्हणून अंदाज वाढला यात लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही. फोन न करणं ही मात्र त्यांची चूक. काम खरंच झालं असेल तर ‘फायदा घेतला, पैसे द्या’ हा करार कायद्याच्या कलम ७० चा युक्तिवाद ते करतील आणि त्यात दम आहे. तेव्हा पुरावा मागा. जुनं गॅसकेट बघा : दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर जळल्याचा काळा डाग दिसतो का? हेड फेसिंग, म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर सपाट करणं, छोट्या गॅरेजात सहसा होत नाही, बाहेर मशीन शॉपला पाठवतात. तिथलं बिल मागा. जुनी क्लच प्लेटही मागा. रिव्हेटच्या वर अस्तर शिल्लक असेल तर ती बदलण्याची घाई नव्हती. या सगळ्याचे फोटो तिथेच, त्यांच्यासमोर काढा.

गॅसकेटचा पुरावा पटला तर २७,९०० रुपये देऊ करा, नाही पटला तर ११,४००. हे पत्राने, स्पीड पोस्टाने कळवा आणि सात दिवसांची मुदत द्या. रास्त रक्कम देऊ केल्यावरही गाडी अडवली, तर ती अडवणूक बेकायदा होते. तरी ते अडूनच बसले आणि गाडीवाचून तुमचं चालत नसेल, तर पूर्ण रक्कम यूपीआयने भरा, पण त्याआधी लेखी कळवा की ‘ही रक्कम हरकत राखून, केवळ गाडी सोडवण्यासाठी देत आहे’. पुष्कळ लोक वैतागून हे न लिहिताच पैसे देतात. मग पुढे समोरचा म्हणतो, बिल मान्य होतं म्हणूनच भरलं. माझा सल्ला हरकत लेखी नोंदवून पैसे भरण्याचाच मार्ग धरण्याचा आहे. गाडी बाहेर आली की दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून लेखी अहवाल घ्या.

त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या सेवेला तक्रारीची फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. सेवेतली त्रुटी हा मुख्य मुद्दा. रीतसर बिल देत नसतील तर ती अनुचित व्यापारी प्रथा म्हणून वेगळा मुद्दा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा तेवढ्यावरच तडजोड होते. ते व्हॉट्सअ‍ॅप चॅट पूर्ण एक्सपोर्ट करून ठेवा, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागू शकतं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. गाडी २०११ ची, म्हणजे आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पंधरा वर्षं भरत आली असतील. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. आरसीवरची तारीख आजच बघा आणि पत्रात ती स्पष्ट लिहा. ती जवळ आली असेल तर सात दिवसांनंतर थांबू नका. तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली, निकालाआधीच गाडी ताब्यात मिळावी असा अंतरिम अर्ज द्या.