घरात एकजण खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढत असेल, तर इतरांना खरोखर अपाय होतो का?

आपण लिहिले आहे की, आपले सासरे दिवसाकाठी चार-पाच सिगारेटी खिडकीशी उभे राहून ओढतात, घरात सहा महिन्यांचे बाळ आहे, आणि विषय काढला की ‘एवढ्याशा धुराने काय होते’ असे ऐकावे लागते. माझे बालपण अशाच घरात गेले, त्यामुळे आपली काळजी मला समजते.

एवढ्याशा धुरानेही अपाय होतो. खोलीतला बहुतेक धूर ओढणाऱ्याने सोडलेला नसतो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटच्या जळत्या टोकातून तो निघतो, कमी तापमानाला अर्धवट ज्वलनातून तयार होतो आणि फिल्टरमधूनही जात नाही, म्हणून त्यातील कित्येक विषारी द्रव्यांचे प्रमाण ओढणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या धुराहून अधिक असते.

जपानमधील रोगप्रसाराचे अभ्यासक ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या, परंतु ज्यांचे पती ओढतात अशा स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त आहेत. त्यावर बराच वाद झाला, पण पुढच्या अभ्यासांतून निष्कर्ष पक्काच होत गेला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या) २००६ च्या अहवालात, इतरांच्या धुरात राहणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे नमूद आहे. लोक कर्करोगाला भितात; मला मात्र हृदयाची बाजू अधिक गंभीर वाटते, कारण हृदयविकार मुळातच कितीतरी जास्त लोकांना होतो, आणि अशा धुरात अर्धा तास घालवला तरी रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटल्याचे निरोगी माणसांतही आढळले आहे.

बाळाचे तर फारच अवघड आहे. त्याचा श्वास जलद चालतो, आणि त्याला खोलीतून उठून जाता येत नाही. अशा घरांतील मुलांना न्यूमोनिया, दमा व कानाचे संसर्ग अधिक होतात, तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो.

खिडकी किंवा पंखा यांनी वास कमी होतो, पण धूर पूर्णपणे जात नाही. वारा आत येत असेल, तर धूर उलट घरभर पसरतो. म्हणून सासऱ्यांना आधी ‘सोडा’ असे न म्हणता, ‘बाळासाठी घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर जाऊन ओढा’ एवढीच विनंती करावी; नातवंडासाठी ती मान्य होण्याची शक्यता मला अधिक वाटते. बाळाला वारंवार खोकला होत असेल, तर घरात सिगारेट ओढली जाते हे डॉक्टरांना न संकोचता अवश्य सांगावे.